कड्याच्या बांधावरची थोरली

सारजाबाईचा पहिला नवरा बंकट मानमोडी तापाच्या साथीत गेला. मेंढरं कोंडून आला आणि जो पडला तो उठला नाही. मूलबाळ नव्हतं. वडवणीजवळच्या त्या घरात ती सासऱ्याची, आप्पारावची, मेंढरं राखत राहिली. कळपामागं तिच्याइतकी चालणारी बाई त्या भागात नव्हती. आप्पारावलाही ते ठाऊक होतं. माहेरचे न्यायला आले की तो म्हणायचा, "मी मेंढरू विकतो. सून न्हाई."

त्याच्या रानात विहीर खोदायला म्हाळू आला. तोही धनगरच, पण मेंढरं नसलेला. पहार आणि टिकाव एवढीच त्याची मालमत्ता. पुढं मी त्याच्या जोडीनं पुष्कळ विहिरी खोदल्या. ही हकीकत मला त्या दोघांनीच, कामाच्या अधेमधे, तुकड्यातुकड्यानं सांगितली.

विहिरीला पहिलं पाणी लागलं तशी सारजा मेंढरं पाजायला येऊ लागली. एका दुपारी म्हाळू म्हणाला, "चल माझ्यासंगं."

"आन् पुढं?"

"पुढं मी हाय की."

"तुमी हाव ते दिसतंय. पळायला पाय पुरतात, म्हाळूबा. पाट लावायला पंच लागतात. तसंच नेलं तर अमीनाचा शिपाई मला हितं आणून सोडंल आन् तुमाला ठाण्यात बसवंल."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. गावातल्या चंद्रभागाबाईचा पाट लागलेला होता. सारजानं तिच्याकडून सगळी रीत काढून घेतली. पहिल्या घरचा दागिना अंगावर ठेवायचा नाही, तो साक्षीदारांसमोर परत करायचा. नाहीतर चोरीचा आळ येतो. पाट अंधाऱ्या पंधरवड्यातच लागतो. पंच जातीचे हवेत. सारजाचा मामा, तात्याबा, कडा या गावी पंच होता. पाट रीतसर लागला तर निजामाच्या पोलिसांचा अमीनसुद्धा हात घालत नसे; जातीचं जातीनं बघावं, असा तेव्हाचा कायदा होता.

एकच अडचण राहिली. ती सारजानं विहिरीच्या काठावर सांगितली.

"तुमी अजून बिनलग्नाचं. कोरा गडी चालत न्हाई. माझा एक मेलाय, तर तुमचीबी एक मरायला पायजे."

"मरायला बायको कुठनं आणू?"

"रुईच्या झाडाशी लगीन लावत्यात. मग ती मुळासकट काढायची. म्हंजी तुमची बी गेली, माझा बी गेला. बराबर."

म्हाळू हसला. "खणायचंच ना? दुसरं काय येतंय मला."

ती लगेच निघायला तयार होती. म्हाळू अडला. विहिरीचा शेवटचा थर राहिला होता. अर्धं काम टाकून तो कधी गेला नव्हता. थर निघेपर्यंत अंधारा पंधरवडा बराचसा सरला. मग एका बाजाराच्या सकाळी सारजानं चांदीचे गोठ, आप्पारावला द्यायला म्हणून, चंद्रभागाबाईच्या ओटीत दोन शेजाऱ्यांदेखत टाकले, मेंढरं मोजून गड्याच्या ताब्यात दिली आणि वडवणीच्या वाटेला लागली. पुढं म्हाळू भेटला. कड्याचा रस्ता लांबचा. पाय फुटेपर्यंत चालली दोघं.

पोचली त्या दिवशी अमावस्या होती. तात्याबा म्हणाला, "आज न्हाई लागला तर पंधरा दिस बसा. तवर आप्पाराव हितं येऊन बसंल."

दिवस कलला होता. तात्याबाच्या शेताच्या बांधावर रुई होती. तिला हळद लावली, सूत गुंडाळलं, म्हाळूचं लग्न लागलं. मग त्यानं टिकाव घेतला. सारजा पाठ करून, पदर ओढून बसली होती. नवरीनं ते बघायचं नसतं. जमीन मुरमाड. म्हाळू चालून चालून मोडलेला. हातभर खाली मूळ तुटलं. त्यानं माती लोटली.

"मुळासकट?" तात्याबानं विचारलं.

"मुळासकट."

पाट लागला.

आप्पाराव शिपाई घेऊन आला तेव्हा चावडीत पंच बसले. दागिने, पंधरवडा, रुई, एकेक विचारलं गेलं. कुठंच खोट निघाली नाही. शिपाई परत गेला. आप्पाराव उठताना म्हाळूला म्हणाला, "विहीर चांगली खोदलीस बे. पाणी लई हाय. पण बंकटला विचारलं का तुमी? त्यानं न्हाई सोडलं हिला. तो येईल मागं."

परळीकडं विहिरींची कामं होती, तिकडं दोघांनी खोपट घातलं. मी त्यांना तिथंच भेटलो. दिवे लागायची वेळ झाली की सारजाबाईचा हात भाकरी थापता थापता थांबायचा. चुकलेल्या मेंढरांना धनगर जी हाळी घालतात, ती तिला रानातून ऐकू यायची. बंकटची हाळी. "कळप मोडलाय त्याचा," एवढंच ती म्हणायची. म्हाळूला काही ऐकू येत नसे, मलाही नाही. तिची दोन मुलं बारशाआधीच गेली.

तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हाच तात्याबा वारला. ती कड्याला जाऊन आली. मग आम्ही जेवायला बसलो असताना तिनं विचारलं, "बांधावर किती खोल गेलतात तुमी?"

म्हाळूनं घास खाली ठेवला.

"रुई माझ्या डोईवर गेलीया," ती म्हणाली. "फुलं आलीयात. तिथंच."

"ढिलाई झाली," म्हाळू म्हणाला. "दुसऱ्याची विहीर पुरी केली आन् आपलं काम सोडलं."

"तुमची गेलीच न्हाई, म्हणून माझा जाईना."

आम्ही तिघं कड्याला गेलो. म्हाळूनं मला टिकाव लावू दिला नाही. दिवसभर एकट्यानं खणलं. मुरूम संपला, खाली काळा दगड आला. मूळ दगडाच्या चिरेत शिरलं होतं, मनगटाएवढं जाड. खड्डा त्याच्या छातीला आला. रुईचा चीक डोळ्यात उडाला तरी तो थांबेना.

"सुरुंग लागंल," तो खालून म्हणाला. "परळीहून आणतो."

सारजाबाई काठावर पोटाशी हात धरून बसली होती. ती म्हणाली, "वर या."

"आता सोडत नसतो मी."

"वर या म्हणते. एवढी घट्ट धरून बसलीया, तिला कशाला मारता? तुमची जिती हाय, माझाबी गेला न्हाई. बराबरच झालं की."

तिनं स्वतः माती लोटली. रुईला हळदकुंकू लावलं. त्या दिवसापासून ती रुईला थोरली म्हणायची, सवतीला म्हणावं तसं. घरी रोज दिवेलागणीला एक भाकरी बंकटसाठी बाहेरच्या दगडावर ठेवायची. हाळी थांबली का, असं मी एकदा विचारलं. "न्हाई," म्हणाली. "पण आता घाई न्हाई त्याला."

तिसरं मूल जगलं. मुलगी, तुळजा. कशामुळं जगली ते मला सांगता येणार नाही.

सारजाबाई गेली ती निजामाचं राज्य जायच्या आधी. दिवस घालून झाले त्या संध्याकाळी मी म्हाळूकडं बसलो होतो. तुळजानं भाकऱ्या केल्या. म्हाळू एक भाकरी घेऊन उठला, दाराशी गेला आणि तिथंच उभा राहिला.

"ऐकू आलं?" त्यानं विचारलं.

मी कान दिला. वारा होता.

"आज मला येतंय," तो म्हणाला. "त्याची हाळी. आन् तिनं त्याला दिलेली ओ."

तो आत आला, दुसरी भाकरी घेतली आणि दोन्ही दगडावर ठेवल्या. सकाळी पहार, टिकाव काहीच न घेता तो कड्याच्या वाटेला लागला. कुठं निघालास, म्हणून मी विचारलं.

"थोरलीकडं," म्हणाला.