सोमवारचं दीड मापटं

"किलोत सांगा, मावशी. तुमच्या मापट्याचं आम्हाला काही कळत नाही," साहेब म्हणाले आणि हसले.

आईच्या हातात खिचडीचा डाव होता. शाळेच्या ओसरीवर आम्ही चोपन्न पोरं ताटल्या घेऊन रांगेत बसलो होतो. साहेब तपासणीला आले होते. शेजारी आमचे गुरुजी हात बांधून उभे. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ हा नियम. आईचं मापटं जेमतेम अर्ध्या किलोचं. चोपन्न पोरांना किती घेतला, एवढंच साहेबांनी विचारलं होतं.

आईनं सांगितलं होतं, "अकरा मापटी घेतली, साहेब. आन् आज सोमवार हाय, म्हनून वर दीड."

सोमवार ऐकून साहेबांना जास्तच हसू आलं. "सोमवारी काय तांदूळ लहान होतो का? किती शिकलाय?"

"तिसरी."

"मग बरोबर," गुरुजी म्हणाले. ते आमच्याकडे वळले. "कोण सांगेल?"

गुरुजींनी माझ्याकडे बोट केलं. "तू सांग. ऊठ."

मी पाचवीत होते. गणितात मला कुणी हरवत नव्हतं, आणि त्याचा मला माज होता. मी उठले आणि एका दमात म्हणाले, "पाच किलो चारशे ग्रॅम."

टाळ्या वाजल्या. साहेबांनी खिशातला पेन काढून मला दिला. गुरुजी म्हणाले, "बघा मावशी, लेक तुम्हाला शिकवील आता." मग चुलीकडं बोट दाखवून पोरांना म्हणाले, "गणित नाही आलं की काय होतं, बघून ठेवा."

चोपन्न पोरांनी माझ्या आईकडं बघितलं. मीही बघितलं. तिनं डाव पातेल्यात घातला आणि वाढायला लागली. माझ्या ताटलीत वाढताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

शाळेत मी तिला आई म्हणायचे नाही. सगळी पोरं मावशी म्हणायची, म्हणून मीही मावशी. सोनईपासून पुढं उसाच्या पट्ट्यात आमचं गाव. विहाराच्या मागं आमची वस्ती. आई शाळेत स्वयंपाकाला लागली तेव्हा पहिले पंधरा दिवस गावातली काही पोरं घरून डबा आणायची. का ते सगळ्यांना माहीत होतं, बोलायचं कुणी नाही. नंतर फोडणीच्या वासापुढं डबे बंद झाले. हे सगळं मी बघितलं होतं. तरी त्या सोमवारी मी ताठ मानेनं उत्तर दिलं. पेन दप्तरात ठेवला आणि दिवसभर पुन्हा पुन्हा काढून बघितला.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "सोमवारचं वर दीड कशाला?"

ती भाकरी थापत होती. "शनवारी सकाळची शाळा. पोरं दोन घास खात्यात आन् घरी पळत्यात. तवा दीड मापटं मागं ठिवते. रविवारी शाळा न्हाई. आपल्या वस्तीत, त्या उसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्यांवर दुपारची चूल पेटतीच असं हाय का? सोमवारी पोरं लई खात्यात गं."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"मागं ठिवते म्हनलं असतं, तर चोरते म्हनले असते."

एवढं बोलून तिनं भाकरी उलटली. तरीही मनाचा एक कोपरा म्हणत होता, माझं उत्तर तर बरोबर होतं ना.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी स्वतः काट्यावर तांदूळ मोजून द्यायला लागले. पोरं गुणिले शंभर. ग्रॅम इकडचा तिकडं नाही. शनिवारी खिचडी उरली, ती कुत्र्यांनी खाल्ली. सोमवारी पुरली नाही.

लहान पोरांना आधी वाढायचं ही आईची रीत. आम्ही पाचवीची नऊ जणं शेवटी बसायचो, आणि त्या नवांत मी शेवटची, कारण स्वयंपाकिणीच्या लेकीला आधी वाढलं तर गाव बोलणार. आई माझ्यापर्यंत आली तेव्हा पातेल्याच्या तळाला करपलेली खरवड होती. तिनं ती खरवडून माझ्या ताटलीत घातली. शेजारी उसतोड्यांची एक मुलगी होती. तिची ताटली अर्धी. ती सारखी पातेल्यात डोकावत होती. पाच किलो चारशे ग्रॅम. माझं उत्तर तिच्या ताटलीत होतं.

गुरुजी आले आणि म्हणाले, "मावशी, वाढताना हात सैल सोडता तुम्ही."

आई म्हणाली, "व्हय, गुरुजी."

त्यानंतर प्रत्येक सोमवारी हेच झालं. एरवी आई शाळेतच जेवायची, सोमवारी ते बंद झालं. तिचा वाटा ती त्या मुलीला वाढायची. त्यानं एका पोरीचं भागायचं, बाकीच्यांचं नाही. मला गणित येत होतं, पण त्याचा मला काही उपयोग करता येत नव्हता.

दोन महिन्यांनी साहेब पुन्हा आले. बरोबर आणखी दोघं. गुरुजींनी मला ओसरीवर उभं केलं, आईसमोरच. "ही आमच्या मावशींची मुलगी. विचारा काहीही. मावशींना नाही येत, हिला येतं." तेव्हा मला कळलं, की गुरुजींना छडी लागतच नाही. त्यांच्याकडं मी आहे.

साहेबांनी विचारलं, "आज एकोणपन्नास मुलं. तांदूळ किती?"

चार किलो नऊशे. जिभेवर होतं.

"येतं मला. सांगणार नाही," मी म्हणाले.

"का?"

"सोमवारी पुरत नाही म्हणून."

गुरुजींचा चेहरा उतरला. पाहुणे गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. मारलं नाही. शिष्यवृत्तीच्या तासाला उद्यापासून बसायचं नाही, एवढंच म्हणाले. आणि आईला म्हणाले, "स्वयंपाकाला बाई दुसरीही मिळते."

आईनं मला दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढं नेलं. वाटेत म्हणाली, "लहान तोंडी मोठा घास घेतलास. तुझ्या ताठ मानेवर आपली चूल पेटत न्हाई. अडला हरी काय करतो, तुला ठाव हाय."

गुरुजींपुढं तिचा हात माझ्या मानेवर होता. ती मान खाली दाबत होती. वाढणारा तो हात मला मानेवर सहन झाला नाही.

"चुकले," मी म्हणाले.

गणितात मी कधी चुकले नव्हते. शाळेत दिलेलं माझं एकच खोटं उत्तर ते. ते गुरुजींना लगेच पटलं.

तरी तासाला मला परत घेतलं नाही, शिष्यवृत्तीला मी बसले नाही. आईची नोकरी टिकली. सोमवारी खिचडी पुरली नाही ती नाहीच. मी शाळा सोडून गेले तोवर तरी नाही.

आता मी भिंगारला एका दवाखान्यात नर्स आहे. लेकराच्या वजनाला औषध किती, हा हिशोब रोज करते. वजन बघते आणि मग लेकराच्या आईला विचारते, काल काय खाल्लं यानं? डॉक्टर म्हणतात, वेळ जातो. जाऊ द्या.

माझ्या आईचे गुडघे गेलेत. ती अजून म्हणते, "माझ्यापायी तुला वाकावं लागलं." मी म्हणते, "तुझ्यापायी नाही."

म्हणून 'चुकले' हे उत्तर मी आज मागं घेते. मी चुकले नव्हते. चुकले असले तर पहिल्या सोमवारी, टाळ्या घेतल्या तेव्हा. आता कुणीही, कितीही मोठा साहेब असो, दुसऱ्याची मान खाली झुकवायला माझ्याकडं उत्तर मागेल, तर मला ते येत असेल आणि मी ते देणार नाही.