लिंबावरचा माळा पुरा झाला

फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत होते. विलासच्या दुकानाशेजारचा चहावाला बोलत होता. "मॅडम, विलासभाऊच्या छातीत दुखायलंय. दवाखान्यात आणलंय. तुमी लगेच निघा." शाळा आणि घर झरीला, दुकान परभणीला; तसं काही लांब नाही. पण ऑटोत बसल्यावर त्याचं ते 'लगेच' कानात वाजत राहिलं आणि मला कळून चुकलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बाजारपेठेतली ओळखीची माणसं उभी होती, एकही माझ्याकडे बघेना... विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरून द्यायचं माझ्या नवऱ्याचं दुकान. सकाळी डबा घेऊन गेला होता. त्या डब्याचं झाकणही उघडलेलं नव्हतं.

आता दीड महिना होईल. लोक म्हणतात, चांगला माणूस होता. होता, पण त्याच्यासोबत संसार करून बघायला हवा होता! लग्नानंतर मी त्याला नावानं हाक मारायला लागले, तेव्हा सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. हा मात्र मुद्दाम त्यांच्यासमोरच "काय म्हणली? परत म्हण की" असं करायचा. लोकांच्या मोटारी वेळेवर देणारा हा माणूस घरचं एक काम पुरं करेल तर शपथ. मोरीचा नळ गळायचा, पंख्याची कटकट चालायची. म्हणूनच आमची ओवी जेव्हा मोबाइलवर कुठलंसं झाडावरचं घर बघून "पप्पा, मला असं पायजे" म्हणाली, तेव्हा मला हसूच आलं. ज्वारीच्या राखणीला शेतात माळा घालतात, तसा घालू, तो म्हणाला. मागच्या अंगणातला कडुलिंब ठरला.

तेव्हापासून आमचे रविवार त्या लिंबाखाली जायला लागले. जुन्या पलंगाच्या फळ्या, बांबू आणि दोर घेऊन बापलेक सकाळीच झाडाला भिडायचे. झाडाला खिळा मारायचा नाही, सगळं दोरानं बांधायचं, असा त्याचा नियम. एका रविवारी बांधलेलं पुढच्या रविवारी सुटायचं, कारण खिडकी कुठं हवी हे ओवीचं ठरत नसे. "पप्पा, खिडकी इकडं नको, तिकडं." "बरं बाई, सोड ती फळी." आणि हा हसत हसत गाठी सोडायला बसायचा. दोघांची जेवणं मी झाडाखालीच नेऊन द्यायची. एकदा वैतागून म्हटलं, "ताजमहाल बांधायलात का? लोकांची घरं उभी राहिली तेवढ्यात." त्यानं ओवीकडे बघितलं, ती वर फांदीवर पाय हलवत बसली होती. हळूच म्हणाला, "घाई कशाला? पुरा झाला की ती वर जाऊन बसंल मैत्रिणींसंगं. मग मला कोण इचारतंय..." मी हसण्यावारी नेलं. पण तेव्हाच समजलं की त्याला माळा नकोच आहे, रविवार हवेत. ओवीलाही तेच हवं होतं. खिडकी काही उगीच फिरत नव्हती.

तो गेला तेव्हा माळ्याला जमीन होती आणि दीड भिंत. पोरीच्या डोळ्यांदेखत सगळे विधी नकोत म्हणून तिला माझ्या आईकडे परभणीला ठेवलं. दहाव्याला पुरुषमंडळी नदीवर गेली, मी घरी होते. दुपार टळली तरी कुणी परतेना. मग मोठे भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये असतात ते, सुजलेल्या डोळ्यांनी आले. सांगू लागले, पिंडाला कावळा शिवेना. पोरीला शिकवू म्हणालो, भावजयीला अंतर देणार नाही म्हणालो, आईचं करू म्हणालो... कावळा लांब बसून नुसता बघायलाय. शेवटी हात जोडून म्हटलं, "विलास, पोरीचा माळा मी पुरा करतो रे." तेवढं म्हणायची खोटी, कावळा आला.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजी सुतार घेऊन हजर. स्वतः झाडावर चढले. रडत होते आणि खिळे ठोकत होते. अशा माणसाला थांबा कसं म्हणायचं? त्यांच्यासारखा दीर मिळायला भाग्य लागतं, सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. वर पत्रा पडला, निळा रंग लागला, खिडकीला दार आलं, चढायला लोखंडी शिडी आली. तेराव्यानंतर ओवी घरी आली. बराच वेळ वर बघत राहिली. मग भाऊजींच्या पाया पडून म्हणाली, "छान झालाय, मोठे पप्पा." त्यांनी तिला कवटाळलं.

गल्लीतली सगळी पोरं त्या माळ्यावर असतात. ओवी अजून एकदाही चढलेली नाही. मी आग्रह केला, रागावले, एकदा रडलेसुद्धा. "जाईन की," एवढंच म्हणते. मागच्या रविवारी तिची वेणी घालत होते. पाठमोरीच होती, म्हणून विचारू शकली असेल.

"मम्मी, पोरं म्हणतात तसं, मोठ्या पप्पांनी कबूल केलं म्हणून कावळा शिवला ना?"

"हो गं, तसं म्हणतात."

"अन कावळा शिवला म्हणून पप्पा कायमचे गेले?"

मी पेडावर पेड टाकत राहिले.

"मग कुणी कबूलच केलं नसतं तर... माळा तसाच राहिला असता. अन पप्पा बी राहिले असते ना इथं?"

मी शिक्षिका आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, मुलांना मी तसंच शिकवते. तिला सांगायला शब्द होते माझ्याकडे, पण मी नुसती रिबीन बांधून दिली. कारण ती बोलली ते मला खरं वाटलं, आणि अजून वाटतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो निळा माळा दिसतो. चारही भिंती, छप्पर, दार, सगळं जिथल्या तिथं. आता तिथं करण्यासारखं काहीच उरलेलं नाही.