तंबूच्या बदल्यात

मी गुडघ्याचं विचारलं की ते मांडीवर थाप मारायचे. एक नव्हे, दोन. मग म्हणायचे, "गुडघा नोकर आहे हो. मालक मी. नोकराची तब्येत मालकाला काय विचारता?"

असले मालक माझ्याकडे पुष्कळ येतात. सिंगापूरला, नोव्हेनाच्या एका रुग्णालयात मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि चाळिशी उलटलेल्या पुरुषाइतका खोटारडा पेशंट मी दुसरा पाहिलेला नाही. तुम्हीही पाहिले असतील. मॅरेथॉनचा टी-शर्ट घालून सत्यनारायणाला येणारे, जिना चढताना दम लागला की फोन आल्याचं सोंग करून थांबणारे. हे गृहस्थ त्या सगळ्यांचे मेरुमणी होते. शिवाय हौगांगला आमच्याच ब्लॉकमध्ये राहायचे, त्यामुळे दवाखान्यात टाळावं तर लिफ्टमध्ये भेटायचे.

मूळचे सांगलीकडचे. आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मॅनेजर. पण त्यांना विचाराल तर ते रशर होते.

हा काय प्रकार आहे ते सांगायला हवं. अमेरिकेतल्या त्या धडकाधडकीच्या फुटबॉलचं एक गरीब भावंड आहे, फ्लॅग फुटबॉल. त्यात धडक नाही. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला लोंबणाऱ्या फिती. ज्याच्या हातात चेंडू, त्याची फीत ओढली की तो अडला. एकजण लांबवर चेंडू फेकतो, तो क्वार्टरबॅक. आणि त्याने फेकायच्या आत त्याच्या अंगावर धावून जाऊन फीत उपटायची, हे ज्याचं काम तो रशर. सिंगापूरच्या दुपारच्या उन्हात, पगारदार, बायकापोरं असलेली माणसं दर शनिवारी एकमेकांच्या शेपट्या उपटत धावायची आणि त्याला लीग म्हणायची.

त्यातली एक टीम यांनी स्वतः उभी केली होती. कॉलेजात ते खो-खो खेळायचे, खांबावर सूर मारण्यात जिल्ह्यात नाव होतं, असं ते सांगायचे. ते खरं असावं, कारण फीत उपटण्याचं त्यांचं कसब मी स्वतः पाहिलंय. समोरचा हात मागे नेतो न नेतो तोच हे आडवे झेपावायचे आणि उठायचे तेव्हा फीत मुठीत. इथवर सगळं ठीक. पण मग ती फीत मेलेल्या सापासारखी उंच धरून ते पूर्ण गोल फिरायचे. कोणी बघत असो वा नसो. नंतर ज्याची फीत त्याला कमरेत वाकून परत करायचे. हा गोल फेरा बघितला की मला वहिनींची कीव यायची.

वहिनी म्हणजे त्यांची बायको. एकदा लिफ्टपाशी म्हणाल्या, "तो फितीचा पट्टा हे हाताने धुतात. मशीनला लावू देत नाहीत. माझ्या रेशमी साड्या खुशाल लावतात."

मागेच त्यांची मुलगी होती. ती फोनमधून मान वर न करता इथल्या इंग्रजीत म्हणाली, "पप्पा थिंक ही स्टिल ट्वेंटी लाह."

तर, गुडघा. उजव्या गुडघ्यातली गादी झिजली होती. मी त्यांना साध्या मराठीत सांगितलं होतं, "सरळ पळा, हरकत नाही. झटक्यात वळू नका. एकदा चुकीचे वळलात तर ऑपरेशन." यावर मांडीवर थाप. रशरचं अर्धं काम झटक्यात वळण्याचं असतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यामुळे आमची प्रत्येक भेट ही दोन शहाण्या माणसांनी मिळून केलेली वेळेची नासाडी होती.

मग एका शनिवारी व्हायचं ते झालं. समोर विशीतला एक चिनी पोरगा क्वार्टरबॅक होता. हे सुसाट निघाले. पोरगा जागेवरून फक्त एक पाऊल बाजूला सरकला, आणि हे स्टॉप चुकलेल्या बससारखे तसेच पुढे निघून गेले. वळायला गेले आणि गवतावर बसले. तेवढ्या वेळात पोराने चेंडू फेकला, कुठे पडला ते पाहिलं, आणि मागे येऊन यांना हात दिला. म्हणाला, "अंकल, केअरफुल हां."

अंकल या शब्दाने गुडघ्यापेक्षा जास्त काम केलं असावं. पुढच्या आठवड्यात ते माझ्याकडे आले तेव्हा थाप मारली नाही.

इकडे टीममध्ये खलबतं सुरू झाली. कप्तान होता निखिल, पुण्याचा, तिशीतला, बोलण्यात फार गोड. कामावर माणसं हलवताना जी भाषा वापरतात ती तो मैदानावरही वापरायचा. ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे, त्यांना दुसऱ्या जागेवर खेळवा. दुसरा म्हणे, सरळ दुसऱ्या टीमला देऊन टाका. ज्यांनी आयुष्यात कधी फीत उपटली नाही अशा माणसांची मतं सर्वांत लांबलचक होती. एक बँकवाला तर रोज सकाळी मत बदलायचा आणि प्रत्येक वेळी कारणं द्यायचा.

रविवारी दुपारी एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, बैठक भरली. मला निखिलने बोलावून घेतलं होतं, गुडघ्याबद्दल 'एक्स्पर्ट ओपिनियन' द्यायला. मी त्याला आधीच सांगितलं, "गुडघा त्यांचा आहे, त्यांना विचार. मी पेशंटबद्दल चिकन राइस खाताना बोलत नाही." तरी गेले. खोटं कशाला बोलू, बघायला गेले.

निखिलने आधी फोनवर व्हिडिओ दाखवला. यांची ती धाव, स्लो मोशनमध्ये. खरं तर स्लो मोशनची गरज नव्हती.

मग म्हणाला, "सर, आम्हाला वाटतं तुम्ही आता सेंटर खेळावं. तिथे अनुभव लागतो."

अनुभव लागतो. माणसाला जागेवरून उठवताना हा शब्द हमखास काढतात. सेंटर म्हणजे जो खाली वाकून दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो, तो. तिथे मुख्यतः वाकता यावं लागतं.

ते म्हणाले, "म्हणजे मी ओणवा होऊन चेंडू मागे सरकवायचा?"

"तसं नाही, सर. खेळ तिथूनच सुरू होतो."

"निखिल, मी आयुष्यभर फेकणाऱ्याच्या अंगावर गेलो. आता त्याला चेंडू पुरवू?"

बँकवाला चहा ढवळत राहिला. मग निखिलने दुसरा पर्याय काढला. आमच्या रुग्णालयाची एक टीम होती, लीगमध्ये कायम तळाशी. ते लोक यांना घ्यायला तयार होते. बदल्यात ते एक्स-रे विभागातला एक तरणाबांड पोरगा देणार होते, तोच यांच्या जागी रशर खेळणार होता. आणि एक तंबू.

"तंबू?" ते म्हणाले.

"सावलीसाठी, सर. त्यांच्याकडे दोन आहेत. आपली माणसं उन्हात बसतात ना."

"कसला आहे?"

"चांगला आहे. मोठा. दहाजण बसतात."

हे उत्तर निखिलने अगदी मनापासून दिलं. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि टेबलाभोवतीच्या कोणालाच दिसलं नाही. तुमच्यासमोर खोटं कशाला बोलू, मलासुद्धा क्षणभर सौदा बरा वाटला. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. ते टेबलावरच्या प्लेटा एकात एक रचत होते, जणू ते काम आत्ताच व्हायला हवं होतं. रचून झाल्यावर उठले.

"मग द्या," म्हणाले आणि ट्रे परत करायला गेले.

त्यानंतर काही शनिवार ते मैदानावर फिरकलेच नाहीत. वहिनी मला खाली वॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, भेटल्या. मला वाटलं, खूश असतील.

"मलाही वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, सुटले एकदाची. पण शनिवारी दुपारी हे घरातल्या घरात चालतात. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. टीव्ही लावा म्हटलं तर लावतात आणि उभ्यानेच बघतात. नेऊन टाक बाई ह्यांना तुझ्या हॉस्पिटलच्या टीममध्ये. गुडघा गेला तर जाऊ दे, निदान घरात बसून माझं डोकं तरी नाही खाणार."

नेलं. आमच्या टीमची कप्तान होती ग्रेस, वॉर्डातली फिलिपिनो नर्स. तीच क्वार्टरबॅक. रात्रपाळी करून थेट मैदानावर यायची, त्यामुळे कोणाच्या मानापमानासाठी तिच्याकडे वेळ नसायचा. तिने यांना वरून खालपर्यंत पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, काय येतं?

"रशर," ते छाती काढून म्हणाले.

"रशर आहे आमच्याकडे. सेंटर नाही. सेंटर कोणालाच येत नाही. तुला येतं?"

मी बर्फाची पिशवी घेऊन बाजूला उभी होते. म्हटलं, आता हा माणूस पाठ फिरवून चालू लागणार. टॅक्सी बोलवावी का, असाही विचार माझ्या मनात आला.

"येतं," ते म्हणाले.

धादांत खोटं. त्यांनी जन्मात एकदाही पायांमधून चेंडू दिला नव्हता. पहिला चेंडू ग्रेसच्या डोक्यावरून गेला, दुसरा तिच्या पायावर आदळला. ती फक्त म्हणाली, "पुन्हा."

पुढचे कित्येक दिवस आमच्या वॉइड डेकवर संध्याकाळी एक देखणं दृश्य असायचं. कंपनीतून आलेले मॅनेजर साहेब बुटासकट ओणवे, आणि मागे दगडी बाकावर वहिनी, ओढणी पसरून. चेंडू सुटला की वहिनी तो ओढणीत झेलायच्या आणि पुढे गडगडत द्यायच्या. चिनी म्हातारे बुद्धिबळ थांबवून बघायचे. "लोक बघताहेत," वहिनी म्हणायच्या. "बघू दे. तू हात वर धर," हे खालूनच म्हणायचे. मी दुसऱ्या जिन्याने जायला लागले. शेजारी म्हणून माझीही काही अब्रू होती.

एकदा दवाखान्यात न राहवून विचारलं. "निखिलने हेच तर सांगितलं होतं तुम्हाला. तेव्हा अंगाची लाही झाली. मग ग्रेसला लगेच हो कसं म्हणालात?"

ते बाकावर पाय लांब करून बसले होते.

"निखिल म्हणाला, तुम्हाला ते जमत नाही, म्हणून हे करा. ती म्हणाली, हे करायला आमच्याकडे कोणी नाही."

"बस? एवढंच?"

"एवढंच. आणि तिथे मला आधी कोणी पाहिलेलं नाही."

माणसं एवढ्याशा गोष्टीवर घरातल्यांचे शनिवार नासवतात, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं, "पाय सरळ करा, अजून दहा वेळा."

जुन्या टीमशी सामना झाला तेव्हा निखिलची माणसं नव्या तंबूत आरामात बसली होती. आमच्याकडे उरलेला एकच तंबू, त्याची एक दांडी मोडलेली, त्यामुळे निम्मी टीम उन्हात. आमच्या बाजूने काही चमत्कार होईल अशी आशा मला नव्हती, आणि झाला नाही. आम्ही सपाटून हरलो. पण यांचा प्रत्येक चेंडू ग्रेसच्या हातात गेला, छातीच्या उंचीवर, अगदी टपालाने पाठवल्यासारखा. शिवाय ओणवं असताना त्यांना समोर तो एक्स-रेवाला पोरगा दिसायचा. तो कोणत्या पायावर भार टाकतोय ते बघून ते हळूच "लेफ्ट" किंवा "राइट" म्हणायचे, आणि ग्रेस उलट दिशेला सरकायची. पोरगा वाऱ्यासारखा यायचा आणि वाऱ्यासारखाच निघून जायचा. तिसऱ्यांदा असं झाल्यावर तो चिडून यांच्याकडे बघायला लागला. बघायचं यांच्याकडेच आहे हे त्याला कळलं, इतपत तो हुशार होता.

सामन्यानंतर निखिल आला. "सर, जबरदस्त. पुढच्या सीझनला परत या ना आमच्याकडे. सेंटर म्हणून."

"तंबू परत कराल?" यांनी विचारलं.

निखिल हसला. हे हसले नाहीत. निखिलला वाटलं विनोद आहे, आणि अजूनही त्याला तसंच वाटत असणार. त्याच्यासारख्यांची झोप म्हणूनच छान असते.

पुढे त्यांच्या कंपनीने त्यांचा विभाग मलेशियात पेनांगला हलवला. त्यांना विचारलं, तिकडे जाता की इथेच दुसरं काही करता. हे मला त्यांनी लिफ्टमध्ये सांगितलं. मी विचारलं, "कसं विचारलं?" तर म्हणाले, "नीट विचारलं," आणि पेनांगला गेले. वहिनींनी कुंड्या मला दिल्या, त्यातली तुळस तेवढी मी जगवली आहे. त्यांच्या फ्लॅटमध्ये आता एक तमिळ जोडपं राहतं. गुडघ्याचं काय झालं, मला माहीत नाही. त्यांनी कळवलं नाही आणि मी विचारलं नाही. खोटंच ऐकायला मिळालं असतं.

पण त्यांचा शेवटचा शनिवार मी पाहिला. नेहमीप्रमाणे खेळायच्या आधी लांबचा चष्मा काढून माझ्याकडे ठेवायला दिला होता. शेवटचा चेंडू त्यांनी मागे दिला. समोरचा रशर त्यांच्या बाजूने सुसाट निघून गेला, ग्रेसने चेंडू लांब भिरकावला, आणि सगळी माणसं त्याच्यामागे मैदानाच्या पार टोकाला पळाली. मधे हे एकटेच उरले. कमरेवर हात ठेवून सावकाश ताठ झाले, आणि डोळे बारीक करून तिकडे बघू लागले. तिकडे एकदम कल्ला झाला. कोणीतरी चेंडू पकडून उड्या मारत होतं. एवढ्या लांबचं त्यांना चष्म्याशिवाय दिसणं शक्य नव्हतं. तरी दोन्ही हात वर करून ते टाळ्या वाजवायला लागले, रिकाम्या मैदानात, एकटे, बराच वेळ.

चेंडू समोरच्या टीमने पकडला होता.