पांढऱ्या शर्टातला माणूस

रत्नागिरीच्या शिमग्यात मी पालखीला खांदा दिला, हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलंय. ऑफिसात, लग्नकार्यात, सोसायटीच्या गच्चीवर. मोबाइलमधला फोटोही दाखवतो — तोंडभर गुलाल, दात तेवढे पांढरे. त्या फोटोच्या आधी काय झालं आणि नंतर काय, ते मात्र बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हालाच सांगतोय. का, ते विचारू नका — मलाही नीट सांगता येणार नाही.

मी एकटा हिंडणारा माणूस. पुण्याहून एसटीनं निघायचं, वाटेल तिथं उतरायचं. कोणासाठी थांबायचं नाही, कोणाची पिशवी धरायची नाही. याचा मला कोण अभिमान! सहा वर्षांपूर्वी असाच शिमग्यात गेलो. सकाळ पावस गावात काढली आणि दुपारी रत्नागिरीच्या जुन्या बाजारातल्या चौकात आलो. पालखी यायची होती. मुंबईहून आलेले चाकरमानी, लाकडी सज्ज्यांतून वाकलेल्या बायका, ढोल — मुंगीला शिरायला जागा नव्हती. पिंपळाच्या चिरेबंदी पारावर कसाबसा टेकलो.

शेजारी एक म्हातारी होती आणि तिची लेक, चाळिशीची, घामाघूम झालेली. ती मला म्हणाली, “दादा, आयशीजवळ जरा बसाल काय? ओटीचा नारळ घेऊन लगेच येतंय. तिला दिसत नाय हो.” मी मान डोलावली. नुसती डोलावली असती तरी एक वेळ चाललं असतं — “निर्धास्त जा,” असंही म्हणालो. वर हसलोसुद्धा.

आजींनी चाचपडत आधी माझी बाही धरली, मग मनगट. कुठला, लग्न झालंय का, जेवलास का — सगळं विचारून घेतलं. उभा जन्म सुकी मासळी विकण्यात गेला म्हणाल्या. पालखीचं दर्शन डोळ्यांनी होत नाही, तर निदान दांड्याला हात लावायचा, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या.

आणि पालखी चौकात शिरली. इकडे ती नुसती नेत नाहीत, नाचवतात — या खांद्यावरून त्या खांद्यावर. पारासमोर आली तेव्हा एकजण माझ्याकडे बघून ओरडला, “ओ पाव्हणे, या, लावा खांदा! परत मिळायचा नाय!”

देवाचं बोलावणं, नाही कसं म्हणणार — असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. खोटं आहे ते. मला सांगायला एक गोष्ट हवी होती, बस. आजींनी हात घट्ट धरला होता. “सोडू नको रे बाबा,” म्हणत होत्या. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. हो, एकेक करून. “दोन मिनिटांत आलो,” म्हणालो. त्या ढोलांत त्यांना ते ऐकू तरी गेलं असेल का?

दोन मिनिटं कसली! मधे एकदा दांड्याखालून मी पाराकडे पाहिलं. आजी उठल्या होत्या. हात पुढे करून पारामागच्या बोळात शिरत होत्या — मी गेलो त्याच्या बरोबर उलट दिशेला. मी पाहिलं. नीट पाहिलं. आणि खांदा बदलला. पालखी पुढे गेल्यावर आधी स्वतःचा फोटो काढला.

तेवढ्यात लेक आली. नारळ छातीशी धरलेला, चेहरा उतरलेला. ज्याला त्याला विचारत माझ्यापर्यंत आली आणि माझा दंड धरला. “पांढऱ्या शर्टातला माणूस बघितलात काय हो? आयशीला त्याच्याजवळ बसवलेलं.” माझ्या शर्टावर पांढरं काही उरलं नव्हतं. तोंडही गुलालानं माखलेलं. ती थेट माझ्या डोळ्यांत बघत होती आणि तिनं मला ओळखलं नव्हतं!

काय करायचं होतं मला? बोळाकडे बोट दाखवायचं, एवढंच ना? पण मग कोणी पाहिलं, कधी पाहिलं, हे आलंच. मी म्हणालो, “नाही हो. मी आत्ताच आलो.” ती मासळी बाजाराच्या बाजूला धावली. बोळ दुसऱ्या बाजूला होता. तरीही मी हाक मारली नाही. लॉजवर जाऊन साबणानं तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातखंब्याला बसची वाट बघत टपरीवर उभा होतो. शेजारी दोघं बोलत होते. चौकात चुकलेली म्हातारी बोळाच्या टोकाला वहाळाच्या पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांखाली मिळाली होती. गेलेली होती. एकजण म्हणाला, “लेकीचे भाऊस तिला दारात उभी करत नायत. म्हणतात, हीच हात सोडून गेली नि आता माणूस रचून सांगते. पांढऱ्या शर्टातला म्हणे! एवढ्या गर्दीत कोणाला दिसला काय तो?”

मी चहा संपवला. बस आली. खिडकी मिळाली.

फोटो अजून माझ्याकडे आहे. मोठा करून पाहिला तर माझ्या कानामागे पार दिसतो, रिकामा. ती बाई खोटं बोलत नव्हती. तो माणूस होता. मी त्याचं नाव सांगू शकलो असतो.