बशीत चहा देणारे साहेब

"घाई नाय. निवू दे." असं म्हणत ते साहेब चहा बशीत ओतायचे. स्वतःसाठी नाही, खाटेवरच्या माणसासाठी.

मुरबाडच्या रस्त्याला आमचं व्यसनमुक्ती केंद्र होतं, सरकारी अनुदानावर चालणारं, पंधरा खाटांचं. मी तिथे स्वयंपाक करायचे. साहेब तपासणीला यायचे. उंच, जरा वाकलेले, चपला दाराबाहेर काढणारे. बाकीचे तपासणीवाले खुर्चीत बसून वही बघायचे. हे खाटेच्या पायथ्याशी बसून भरलेली बशी पुढे करायचे.

दारू सुटत असलेला माणूस तुम्ही जवळून पाहिला असेल, तर तुम्हाला माहीत असेल. पहिल्या दिवसांत त्याच्या हातात बशी ठरत नाही. चहा मनगटावरून कोपरापर्यंत जातो. साहेब बशीखाली आपला तळवा धरायचे. त्यांच्या बाहीवर कायम डाग. "बायको विचारते, सरकारात आहात का हॉटेलात?" असं एकदा म्हणाले होते.

वहीत पंधरा नावं होती. मी भाकऱ्या सहा जणांच्या थापायचे. तपासणीच्या दिवशी मॅनेजर टेम्पोतून पाड्यावरची नऊ माणसं आणून खाटांवर निजवायचा.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत साहेब आले, तेव्हा अशाच एकाने बशी एका दमात रिकामी केली. थेंब सांडला नाही.

"काय बाबा, आवणी झाली?" साहेबांनी विचारलं.

"नाय साहेब, अर्धी रायलीय. संध्याकाळपर्यंत सोडाल ना?"

खरे पेशंट तोंडावर चादर घेऊन हसले. मॅनेजर पटकन म्हणाला, "शेतकरी माणूस, जीव शेतातच. पण हात बघा, कसा स्थिर झालाय! आमचा उपचारच तसा आहे."

साहेबांनी खाटेखाली वाकून पाहिलं. आमच्याकडे पहिल्याच दिवशी पेशंटला ताट मिळतं. ते त्यानेच घासायचं, खाटेखाली ठेवायचं. "यांची ताटं कुठायत?"

"घासायला गेलीत."

जाताना साहेब मोरीपाशी थांबले. मोरीत एकही ताट नव्हतं. मला म्हणाले, "बाई, हात हलत नाय, हे कागदावर कसं लिहू?" मी मान खाली घातली. मला परक्या माणसाशी बोलता येत नाही, लहानपणापासून.

दिवाळीनंतर डोळखांबहून माझा भाऊ दारू सोडायला आला. स्वतःच्या पायाने आला, हे मोठं होतं. ओठ सुकलेले, बोटं उडत होती. मॅनेजर म्हणाला, "सगळ्या खाटा भरल्यात. पुढल्या महिन्यात बघू." त्याच सकाळी मी नऊ रिकाम्या खाटांखालून झाडू मारला होता. भाऊ म्हणाला, "जाऊ दे गो बाय, नशीबच तसं." आणि परत गेला.

आठ दिवसांनी पुन्हा तपासणी. मॅनेजरने आदल्या दिवशी नऊ नवी ताटं आणून माझ्यापुढे ठेवली. "खालचे दुकानाचे कागद खरवडून काढ. राखेने घास, जुनी दिसली पाहिजेत."

मी नळाखाली बसले. दोन ताटांचे कागद नखाने काढले. तिसऱ्याला नख लावलं आणि मला भावाची बोटं दिसली. हात पुढे जाईना. नोकरी गेली तर घरात दुसरं काही नव्हतं. तरी मी उरलेली सात ताटं तशीच पुसली आणि खाटांखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चहा दिला, निवू दिला. मग वाकून एक ताट काढलं आणि उलटं केलं. दुकानाचा कागद तसाच होता. दुसरं उलटं केलं. तिसरं.

"वहीप्रमाणे हे महिनाभर जेवतायत," ते हळू म्हणाले. मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळले. "बाई, ही ताटं कधीची?"

मॅनेजर माझ्याकडे बघत होता.

"कालची," मी म्हणाले.

एवढंच. साहेबांनी कागद अलगद सोलून आपल्या फायलीत चिकटवला. पाड्यावरच्या माणसांना म्हणाले, "जा बाबांनो, भाताची झोडणी खोळंबली असेल."

केंद्र बंद झालं. मॅनेजर जाताना म्हणाला, "एका शब्दाने सगळ्यांच्या पोटावर पाय दिलास." सहा पेशंट घरी गेले, त्यातले दोघं परत प्यायला लागले. ते माझ्यामुळे झालं का, हे मला साहेबांना विचारायचं होतं. चार महिन्यांनी दुसऱ्या लोकांनी केंद्र उघडलं, मलाही परत बोलावलं. पण साहेब आले नाहीत. निवृत्त झाले, एवढंच कळलं.

भावाला खिडकीजवळची खाट मिळाली. पहिल्या संध्याकाळी मी त्याचा चहा बशीत ओतला. बशी त्याच्या हातात खडखडली, चहा काठावरून उतरायला लागला. मी खाली तळवा धरला. चहा चांगलाच कढत होता.

"घाई नाय," मी म्हणाले. "निवू दे."