गौरवग्रंथातलं मुडपलेलं पान

मोताळ्याच्या रस्त्यावर एक कॉलेज आहे, तिथं मी इतिहास शिकवतो. सुलतानांचे दरबारी इतिहासकार हा माझा आवडता पाठ. तलवारीनं मिळवलेली गादी अल्लानंच दिली होती, असं पटवून देणं हे त्यांचं काम. गुलाम म्हणून विकलेला मुलगा सुलतान झाला, की ते लिहायचे, हा राज्य करील हे लहानपणीच एका फकिरानं ओळखलं होतं. वंशावळ सोयीची जुळवायची, आधीच्याला नालायक ठरवायचं नाहीतर गाळून टाकायचं. वर्गात मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो.

तेव्हा मी तासिका तत्त्वावर होतो, तासाला ठरलेल्या पैशांवर. कायम होण्याची वाट पाहता पाहता केस पिकले. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला आणि अध्यक्षांनी गौरवग्रंथ लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं.

संस्थेची पहिली शाळा माझ्या वडिलांनी मारुतीच्या देवळात भरवली होती. अध्यक्षांच्या वडिलांनी पुढे जागा दिली आणि ते संस्थापक झाले. बाबा मास्तरच राहिले. मी हे सगळं लिहून नेलं. अध्यक्षांनी वाचलं.

"तुमच्या वडलाचं लचांड काऊन मधात आनता, सर? तुमच्या ऑर्डरचं मी पाहूनच राह्यलो."

मी बाबांना गाळलं. रिकाम्या जागेत एक साधू आणून बसवला. त्यानं अध्यक्षांच्या वडिलांच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, हा पोरगा इथं विद्येचं झाड लावील. साधू म्हणजे माझ्याच पाठातला फकीर, फक्त कपडे बदललेला. लिहिताना मी एकदाही थांबलो नाही, याची आजही लाज वाटते.

मी कायम झालो. काचबिंदूनं बाबांचे डोळे गेले होते. ग्रंथ मांडीवर घेऊन त्यांनी तो चाचपला.

"वाच."

मी साधूचं वाचलं.

"मंग मी कुठी होतो रे तवा?"

"पुढच्या पानावर, बाबा."

पान उलटलं आणि मनानंच वाचत सुटलो. मारुतीचं देऊळ, उसना मागून आणलेला फळा, घरोघर फिरून गोळा केलेली पोरं, शाळा भरल्याची घंटा.

"घंटा नाही, रेल्वेच्या रुळाचा तुकडा होता. हे चुकलं त्याईचं." मग म्हणाले, "ते पान मुडपून ठेव. पाव्हणे आले का वाचून दाखवजो."

मी मुडपलं. त्या पानावर अध्यक्षांच्या वडिलांचा पानभर फोटो आहे. घरी पाहुणे येणार म्हटलं की आता मी आधी तो ग्रंथ उचलून कपाटात ठेवतो.