कोंबडीबुवा

ठाण्याला मासुंदा तळ्याच्या काठी दर बाजारच्या दिवशी एक माणूस उभा राहून देवाला कोंबडी म्हणत असे. म्हणून त्याचं नाव कोंबडीबुवा. नाव ठेवणारे आमच्या आळीतले वकील, कारकून, भिक्षुक. म्हणजे सगळे शहाणेच. त्यांपैकी एकानंही त्याचं बोलणं कधी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. तो माझा सख्खा थोरला भाऊ.

गोष्ट एकच असे. येशू डोंगरावरून येरुशलेम शहराकडं बघतो आणि म्हणतो, ‘‘कोंबडी पिलांना पंखाखाली घेते तसं तुम्हांला घ्यावं, असं मला किती वेळा वाटलं! पण तुम्ही आला नाहीत.’’ या शेवटच्या शब्दांना कोंबडीबुवाचा आवाज खाली यायचा. तेवढ्यात कोणीतरी ‘क्लक क्लक’ करायचं आणि विद्वान मंडळी पोट धरून हसायची. ज्या पक्ष्याची सावली अंगणात पडली तरी आमच्याकडं सडा घालत, तो म्हणे देव!

एकदा वकिलांनी विचारलं, ‘‘काय हो कोंबडीबुवा, तुमचा देव अंडी घालतो का?’’

‘‘घालतो ना वकीलसाहेब. अन् घार आली की पिलांवर पंख पसरून बसतो. घार आली की तुम्ही कुठं असता?’’

पाद्रीसाहेबही वैतागले होते. ‘‘कोंबडी सोड, गाय म्हण. हे लोक ऐकतील,’’ असा त्यांचा सल्ला. कोंबडीबुवा म्हणाला, ‘‘त्यानं कोंबडी म्हटलंय, साहेब. अन् गाईला पंख नसतात.’’

त्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा वडील हयात नव्हते. काकांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देववला. जिवंत भावाचं श्राद्ध मी केलं, दाराशी घागरही मीच फोडली. आई आत बसून होती. तिला कोणी विचारलं नाही. तेव्हापासून तो आमच्या लेखी मेला. तरी बाजारच्या दिवशी तो परसामागच्या वाटेनं जायचा आणि नेमकी तेव्हाच आई मागच्या दारात तांदूळ निवडायला बसायची. बोलत कोणीच नसे.

मग पटकीची साथ आली. आईला पहिली उलटी झाली, आणि काकांनी गाडीला बैल जुंपले. ‘‘वहिनींना हलवणं बरं नव्हे,’’ असं म्हणून सारं घर आंबिवलीला निघालं. धर्मरक्षणाला सदैव कंबर कसलेले ते पुरुष गाडीत बसायला एकमेकांना ढकलत होते. मीही चढलो.

आंबिवलीत मला चैन पडेना. परत आलो आणि खिडकीतून पाहिलं. कोंबडीबुवा माजघरात बसला होता. आईचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि तो पळीनं तिला पाणी पाजत होता. ‘‘दामू, अजून दे रे,’’ आई म्हणाली. त्यानं दिलं. ती प्यायली. मी आत गेलो नाही. दुपारी आई गेली.

साथ असूनही मागं राहिलेले चार जण अंगणात जमले. भिक्षुकांनी मला बाजूला घेतलं. ‘‘पाणी घेतलं का हो त्याच्या हातचं? घेतलं असेल तर खांदा कोणी देणार नाही.’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘तोंड फिरवलं.’’

‘‘धन्य माउली!’’

कोंबडीबुवा जांभळीखाली उभा राहून ऐकत होता. त्याच्या एका शब्दानं आईचं प्रेत तिथंच पडून राहिलं असतं. त्यानं तो उच्चारला नाही. नुसता जवळ येऊन म्हणाला, ‘‘बाळू, मला खांदा देऊ दे.’’

‘‘मेलेला माणूस खांदा देत नाही,’’ मी म्हणालो. हे उत्तर गावाला फार आवडलं. वर्षानुवर्षं लोक ते एकमेकांना सांगत.

आता कोंबडीबुवा मिशनच्या आवारात पुरलेला आहे, आणि आमचे कीर्तनकार अजून माझ्या आईचा दाखला देतात: प्राण गेला, पण बाटग्याच्या हातचं पाणी घेतलं नाही! त्यांनी तो आता बंद करावा. ती प्यायली. मागून मागून प्यायली.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या बाजाराला कोंबडीबुवा नेहमीच्या जागी उभा होता. मीही वकिलांच्या घोळक्यात होतो. नेहमीचीच गोष्ट. ‘‘...पण तुम्ही आला नाहीत,’’ इथवर आला आणि थांबला. मग म्हणाला, ‘‘एक आलं.’’

‘‘कोण आलं हो?’’ वकिलांनी विचारलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी तोंडाशी हात नेला आणि कोंबडीसारखा ओरडलो. इतका हुबेहूब, की वकिलांनी माझी पाठ थोपटली.